मंडईनंतरची तालीम

साकोली,
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादास,

डिंपलचा नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत? धानाची मळणी आटोपली का? अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. मी बरी आहे.

माझ्या एम.ए.च्या प्रबंधावरून तू चिडवायचास, "नाटकाबद्दल पेपरात आलेलं वाचून कोणी पास होते का वं?" होतात, दादा, पण घाम निघतो. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांवर समीक्षकांनी काय लिहिलंय ते शोधते आहे. ग्रंथालयात आधी कोश बघायचे, मग लेखांची सूची, सूचीवरून मासिकांचे जुने बांधीव अंक आणि वर्तमानपत्रांच्या फायली. धुळीने शिंकून जीव जातो. एकाचं मत सापडलं की दुसऱ्याच्या मताशी ताडून बघायचं. तुझ्या नाटकाचंही परीक्षण सापडलं. 'दारुड्या नवऱ्याच्या भूमिकेत भुपेंद्र यांची चपराक अंगावर येते.' लोकांनी त्या मारहाणीला वन्स मोर दिला, हेही छापलंय. मारणाऱ्याचं कौतुक सगळ्यांनी केलंय, मार खाणारीबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही.

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, इतरांची मतं पुरे, आता नाटकाची मूळ संहिता वाच. ती तुझ्याकडे होती. म्हणून मंडई झाल्यावर न कळवता गावी आले.

शेजारच्या आनंदाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. आपल्या घरातून वहिनीची किंकाळी आली आणि पाठोपाठ नाटकातला तुझा संवाद, "माझं खाऊन मलाच उलट बोलतेस?" मी दचकले तशा त्या हसल्या. "घाबरू नको वं पोरी, तालीम चालू हाये. महिना झाला, आमी रोज आयकून राहिलो."

"काकू, नाटक तर परवाच झालं ना?"

त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

आत तू रेणू वहिनीचे केस मुठीत धरून तिचं डोकं धानाच्या कोठीवर आपटत होतास. कोठीवर रक्त होतं, ताजं आणि वाळलेलंही. मी मध्ये पडले तेव्हा दाराचा अडसर काढून माझ्या उजव्या मनगटावर घातलास. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग तू शांतपणे चप्पल घालून चौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला गेलास. दादा, मला भीती वाटते ती त्या चप्पल घालण्याचीच.

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे.

वहिनी इथे साकोलीत माझ्याजवळ आहे. जबडा तारेने बांधलाय, दातांतूनच बोलते. काल म्हणाली, "नाटकातल्या बाईले थे हात आखडून मारत. मले तसं मारलं असतं तरी चाललं असतं." संतापाने मला रडूसुद्धा आलं नाही.

रविवारी तिला न्यायला येतो, असा आईकडून निरोप धाडलास. येऊ नकोस. वहिनीने तक्रारीवर सही केली आहे. आनंदाबाईंनी स्वतः ठाण्यात येऊन जबाब दिला. "आमी तालीम समजून बसलो, हे बी लिवा," म्हणाल्या. माझाही जबाब झाला. खाली सही डाव्या हाताची आहे, पण ओळखू येते.

आईला गोळ्या वेळेवर दे. तिच्यावर हात टाकू नकोस.

तुझी बहीण, आणि कोर्टात तुझ्यासमोर उभी राहणारी साक्षीदार,
डिंपल