फणसाच्या लाकडाची मूठ

बेळगाव, बुधवार, १२ फेब्रुवारी १९५८, संध्याकाळ

तुकाकाकांनी उगाच हात लावला. आमच्या आचऱ्याचे ते. आज बाजारात भेटले आणि लॉरीत चढून बसले. गियरच्या दांड्यावरची माझी नवी मूठ कुरवाळून म्हणाले, "गुळगुळीत आसा रे. लाकूड खंयचा?"

"फणसाचा. दाजीन दिल्यान, सावंतवाडीक कातून घेतलंय."

चटका बसावा तसा काकांनी हात मागे घेतला. "मेल्या, तो देवराईत पडललो फणस! थंयली सुकी काटकीय कोण घराक हाडना नाय. दाजी पंधरा दिवस अंथरुणार आसा, म्हायत नाय रे?"

दाजी माझा चुलतभाऊ. तरी मी हसलो. "काका, मी नुसते गियर बदलतंय."

"हस. घाटात हस."

जुनी मूठ तडकलेली. घामाने निसटते, तळव्याला फोड येतात. गेल्या पावसात आंबोलीच्या उतारावर तिच्यापायी गियर पडला नाही आणि गाडी कठड्याला टेकून थांबली. म्हणून तर ही करून घेतली. बसते कशी हातात! माझ्याच तळव्याचं माप घेतल्यासारखी. मग काढू कशाला? पण काकांचा तो मागे गेलेला हात सारखा दिसतोय.

शेवटी आत्ता काढली, जुनी बसवली. नवी खोलीत आणवेना, चुलीत घालवेना. सीटखाली ठेवली. म्हणजे बरोबर येणारच ती.

उद्या सकाळी तांदळाची पोती भरून घाट उतरायचाय. लिहिता लिहिता बघतो तर डावा हात मांडीवर, ती नवी मूठ धरल्यासारखा मिटलेला. उघडला. परत मिटला.