रामाजीकाकांच्या घरच्या कुलरबद्दल

मी, केशव मनोहरराव गावंडे, वय बावीस, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलेला, राहणार धंतोली, नागपूर, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीवर हा शब्द मुद्दाम घातला, कारण काल दुपारी मी शुद्धीवर नव्हतो. उजवा पंजा अजून बधिर आहे म्हणून अक्षर वाकडे आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेले नाही.

१. काल आमच्या गॅरेजात मीच बांधलेल्या कुलरच्या पत्र्याला माझा ओला हात लागला आणि करंटने मला धरून ठेवले. सुटता येईना. ओरडावे तर जबडा उघडेना. माझा मित्र चंद्रभान, धंद्याने वायरमन, याने लाकडी स्टूल हाणून मला बाजूला पाडले. अगदी असाच दुसरा कुलर मागच्या गल्लीत रामाजीकाकांकडे चालू आहे. सिंधूकाकू त्यात अनवाणी पायाने, पंखा चालू ठेवूनच, बादलीने पाणी ओततात. तो आजच बंद व्हावा, एवढ्यासाठी हा कागद. बाकी कलमे मरण आलेच तर.

२. चूक माझी आहे. कुलरच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती जमिनीत जावी म्हणून अर्थिंगची तार पुरतात. दोन्ही घरी मी खड्डे खणले, मीठ आणि कोळसा भरला, तार पुरली, तिला दिवा जोडून तपासले. लख्ख लागला. पण ते फेब्रुवारीत! आता मे आहे. काळी माती फाटली आहे, भेगेत माझा पंजा जातो, आणि तार कोरड्या मातीत असून नसल्यासारखी. त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकावे लागते, हे नागपुरात जन्मून मला सुचले नाही. त्यात पंपाच्या वायरचे कव्हर उन्हाने तडकले. उन्हाळ्याची वस्तू मी थंडीत पास केली. कॉलेजातले प्रयोगशाळेचे सर म्हणायचे, "गावंडे, तुला उत्तराची घाई." त्यावर मी जर्नल आपटून कॉलेज सोडले. त्यांना माझा नमस्कार कळवावा.

३. काल संध्याकाळीच मी सांगायला गेलो होतो. रामाजीकाका कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितात. फाटकातच त्यांनी मला अडवले.

"काहून आला गा पुन्हा?"

"काका, कुलरची पिन काढा. करंट येऊन राहिला."

"दोन महिने थंडी हवा देऊन राहिला, आन् रविवारी पोरीचं लग्न आहे तं आताच करंट सुटला काय? मोडाले आला काय लग्न?"

"काका, मी मरता मरता वाचलो!"

"मग तसं लिहून आण. तोंडी तक्रार मी घेत नाही."

त्यांचेही खोटे नाही. त्यांच्या मुलीचे, चारुशीलेचे, कोराडीच्या इंजिनीअरशी जमले, हे मार्चमध्ये कळले तेव्हा याच फाटकाला मी लाथ मारली होती. कडी अजून वाकडी आहे. आता मी खरे बोललो तरी त्यांना ती लाथच ऐकू येते. म्हणून हे लिहून देत आहे. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक रामाजीकाका राहतील, म्हणजे त्यांना ते शेवटपर्यंत वाचावेच लागेल.

४. सगळी हत्यारे चंद्रभानला. त्याने काम पहाटे पाच ते दहा करावे. अकरानंतर लोखंडी शिकंज्याला हात लावला तर कातडी निघते. हातोड्याचा दांडा उन्हाने आकसतो आणि डोके उडून जाते, म्हणून तो आदल्या संध्याकाळी पाण्यात ठेवावा. गॅरेजच्या छपराच्या टिनावर दरवर्षी चैत्रात चुना मारावा, वर गोणपाट भिजवावे.

५. गॅरेज मुळात बाबांचेच. गाडी विकल्यावर ते रिकामे पडले आणि मी त्यात घुसलो. बाबा पाहुण्यांना सांगतात, "आमचा मिस्त्री तिकडे आहे, टिनाखाली भाजून राहिला." मला राग यायचा. पण दुपारी डब्यासोबत ताकाचा तांब्या तेच आणून ठेवतात. विनंती इतकीच, की वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला गॅरेज गोदामासाठी देऊ नये.

६. ~~माझा नवा टेबलफॅन आणि गॅरेजातली खिडकीजवळची जागा चारुशीला रामाजी डहाके हिला.~~

हे कलम खोडले. आज सकाळी सात वाजता ती स्वतः आली. हातात कुलरची पिन होती, वायरसकट, कात्रीने कापलेली.

चंद्रभान म्हणाला, "बाई, नवी पिन लावाले पाच मिनिटं लागतात. तुझा बाप लावून घेईल."

"म्हणून तं आली," ती म्हणाली. उभ्यानेच तिने सगळे वाचले. "केशव, हे सहावं खोड. ज्याले काही भेटते, त्यानं साक्ष केली तं त्याचं ते जाते. बाबाजवळ बसून एवढं शिकली मी."

"साक्ष तू करशील?"

"माझी सही दिसली तं बाबा दोनदा वाचतील. आई ओल्या पायानं उभी राहते रे तिथं."

मी खोडले. कलम ४ चेही तसेच, पण चंद्रभान म्हणाला, "माही हत्यारं गेली तं गेली, सही मी करतो." तिच्यासाठी काहीच ठेवता आले नाही. आता रडणे येते आहे, तरी शुद्धीवर आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

केशव मनोहरराव गावंडे

साक्षीदार:
१. चंद्रभान नत्थू मेश्राम, वायरमन
२. चारुशीला रामाजी डहाके

नागपूर, १८ मे १९७८

(खाली वेगळ्या शाईत)
वाचले. कुलर अंगणात काढून ठेवला. लग्न रविवारीच आहे. कलम ६ ची खाडाखोड सहीशिवाय आहे, तशी चालत नाही. केशवने घरी येऊन सही करून जावी.
रामाजी डहाके, अर्जनवीस