दहावी फेरी

प्रिय भिंगरी,

पार्सल मिळालं. शर्ट अंगाला बरोबर बसेलसं दिसतंय, म्हणजे बाबांचं पोट सुटलंय हे तू फोनवरच्या आवाजावरूनच ओळखलंस. पाळकसाहेबांना दाखवला तर म्हणाले, इतका पिवळाधमक शर्ट घालून उपासनेला येऊ नका, मंडळी माझ्याऐवजी तुमच्याकडेच बघत बसेल. पाठीवरची ओळ मी आधी चष्म्याशिवाय वाचली, मग चष्मा लावून वाचली. 'सुरू केलेली फेरी अर्धी सोडायची नाही.' खाली बारीक अक्षरात 'बाबांचा नियम'. तुझ्या चर्चमधली चाळीस माणसं दर शनिवारी हा शर्ट घालून पळतात म्हणतेस, आणि पुढच्या महिन्यात मी येऊन त्यांना चार शब्द सांगावेत म्हणतेस. तेव्हापासून शर्ट एका खुर्चीवर आहे आणि मी दुसरीवर.

गुडघा दुखतो असं मी तुला रविवारी फोनवर सांगितलं. गुडघ्याला काही धाड भरलेली नाही. पण तुझा रविवारचा फोन एवढंच आता माझ्याकडे उरलंय, आणि हे पत्र वाचल्यावर तोही राहील की नाही देव जाणे. म्हणून उगाच शर्टाबद्दल लांबण लावतोय, कळतंय मला.

नियम कुठून आला हे तुला अर्धंच माहीत आहे. चाळिशी उलटेपर्यंत मी नावापुरता ख्रिस्ती होतो. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी पळायला सांगितलं, त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी रोज प्रार्थना करायला सांगितलं, आणि मला दोन्हीचा सारखाच कंटाळा. म्हणून दोन आळशी बैल एका जुवाला जुंपले. मैदानाच्या दहा फेऱ्या, दहा माणसं. पहिली फेरी तुझ्या आईची, मग पाळकसाहेब, माझा भाऊ, शेजारपाजार, आणि दहावी तुझी. दहावीला पायांत त्राण नसतं, त्यामुळे प्रार्थना पोटातून येते असं मला वाटायचं. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, केसाएवढा फरक मला खपत नाही. फेरी अर्धी सोडली तर त्या माणसाची प्रार्थना अर्धी राहिली, असं मी ठरवून टाकलं. देवाने सांगितलं नव्हतं हां, मीच ठरवलं.

साखर उतरली. पाव किलो मिठाई बघूनही हात पुढे जाईना. अकरा वर्षं एक दिवस चुकला नाही, आणि त्याचा मला केवढा तोरा होता! तुझी आई म्हणायची, देवाला काय दुसरं काम नाही, तुमच्या फेऱ्या मोजत बसायला? एकदा नळ फुटला म्हणून आणि एकदा गॅस संपला म्हणून तिने खालच्या बेकरीवालीला मैदानावर पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी मी घरी येऊन असा काही फणफणलो की दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मैदानावर मला बोलवायचं नाही, असं बजावलं मी तिला. त्यानंतर तिने कधी बोलावलं नाही.

ती गेली त्या सकाळचं मी तुला जे सांगितलं ते तुला पाठ आहे. फोन नेहमीसारखा स्वयंपाकघरातल्या फळीवर होता, मला काही कळलंच नाही, पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, बाबा, कळलं असतं तर तुम्ही धावत आला असतात. मी मान हलवली. दोन वर्षं झाली त्याला. ती मान अजून तशीच हलते आहे, बाळा.

मला कळलं होतं. बेकरीवाली कुंपणापाशी आली होती. काका, घरी चला, काकू पडल्यात, असं ती ओरडली. पडल्यात, हा शब्द मी नीट ऐकला. दहावी फेरी नुकतीच सुरू झाली होती, तुझी. मी हात वर केला, एक बोट दाखवलं. एकच राहिली, येतोच. मनात म्हणालो, हिचा पाय मुरगळला असेल, आणि पुन्हा तुझ्या नोकरीसाठी प्रार्थना करू लागलो. पुरती फेरी मारली मी, कोपराही कापला नाही. तीन मिनिटं, फार तर साडेतीन. मग मात्र जीव घेऊन पळालो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतच रक्तस्राव झाला होता, तीन मिनिटांनी काही फरक पडला नसता. खरं असेल. पण बेकरीवाला तिच्या उशाशी बसला होता, त्याने मला नंतर सांगितलं. तिने दोनदा विचारलं म्हणे, आले का? दुसऱ्यांदा तो म्हणाला, येतायत, आणि मग तिने विचारलं नाही. नवरा-बायको दोघंही आजवर कुणाला बोलले नाहीत. पाव देताना ती बाई माझ्याकडे बघत नाही, एवढंच.

पळणं त्या दिवशी सुटलं. साखर पुन्हा चढली आहे, चढू दे. चर्चला जातो, शेवटच्या बाकावर बसतो, ओठ हलवतो. पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, ते म्हणाले प्रभूने क्षमा केली आहे. केलीही असेल. माझ्यापर्यंत ती पोचलेली नाही, आणि पोचेलसं वाटत नाही.

शर्ट आला नसता तर मी हे तोंडातून काढलं नसतं, तसाच मेलो असतो. पण माझी ती ओळ चाळीस पाठींवर पळतेय, हे मला सहन होत नाही. ती पुसून टाक, पोरी. मी येणार नाही. त्यांना तूच सांग की कुंपणापाशी कुणी हाक मारली तर पाय जिथं असेल तिथून वळायचं, मग फेरी कुणाच्याही नावाची असो. तुझ्याही दहा माणसांत माझं नाव असेल, तर ती फेरी बेलाशक अर्धी सोड. फोन आता फळीवर नसतो, माझ्या खिशात असतो. रविवारी उपासनेनंतर तो हातात घेऊन बसेन. वाजला नाही, तर तुझं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

अजून म्हणवून घेता आलं तर तुझाच,
बाबा