यादीत तुझं नाव नाही

वजदीदादा,

तू उठशील तेव्हा मी खाणीवर पोचलेलो असेन. आपण दोघांनी दिलेल्या खाणीच्या भरतीच्या परीक्षेची यादी काल लागली. माझं नाव आहे, तुझं नाही. तीनदा पाहिली. रझ्झाकमामा तिथेच होता. म्हणाला, "दगड वेचायला भूगोलाचा एम.ए. कशाला लागतोय? तू दहावी नापास, तुझं बरंय बाबा!" सगळे हसले. मीही हसलो. हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो.

गणितं महिनाभर तूच माझ्याकडून घोटून घेतलीस. कालच सांगणार होतो, पण तू 'मबरूक, अभिनंदन' म्हणत मिठी मारली असतीस आणि मला ते सोसलं नसतं. आईला सांगितलं, तर ती आनंदाने ललकारी द्यायला लागली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ती जेवायला कुस्कुस रांधणार आहे, शेजारीपाजारी येतील. तुझ्याच्याने तिथे बसवणार नाही, हे मला कळतं. कॅफेत जा, हवं तर गफ्सा शहरात मित्राकडे जा. मी काही मनात धरणार नाही.

झोपायला मात्र घरी ये, दादा.

अन्वर