आबा जामला गेल्यापासून

२ डिसेंबर
उन्हाळ्यानंतर आज लिहितोय. इतके महिने एक ओळ नाही, याची माफी कोणाकडे मागायची? स्वतःकडेच मागतो. आबा घरात होते तोवर काही सुचलं नाही. ते गेले आणि लगेच पेन हातात. हे काही चांगलं लक्षण नाही.

आज त्यांना विनोदकडे जामला पोचवून आलो. सहा महिने देवळीला माझ्याकडे, सहा धाकट्याकडे. आई गेल्यापासून असंच. चौकातल्या त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानापुढे गाडी लावली. पिशवी, औषधं, गुडघ्याचा पट्टा दिला. आबा म्हणाले, "सावकाश जाजो." मी मागे वळून पाहिलं, हात केला. सगळं रीतसर. वर्ध्याच्या अलीकडे लक्षात आलं, मी शीळ घालत होतो.

शीळ. बापाला सोडून येताना.

५ डिसेंबर
काल गच्चीवर जेवलो. वैशालीनं तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. म्हणाली, "वर जायचं का?" दोघं चटईवर, पाठीला पाण्याची टाकी, उन्हानं अजून कोमट. शेंगा सोलता सोलता तिनं आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांची नक्कल केली, आणि स्वतःच इतकी हसली की उचकी लागली. हसताना तिला उचकी लागते, हे मी विसरलो होतो.

आबांना जिना चढवत नाही, म्हणून ते असताना आम्हीही वर जात नाही. ते खाली एकटे, आपण वर, बरं दिसत नाही. त्यांनी कधी मनाई केली नाही. हे नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच त्यांच्यावर ढकलेन. एसटीत कंडक्टर होते, आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जातो आणि टीव्हीचाही तेवढाच लागतो. एवढाच काय तो त्यांचा त्रास.

९ डिसेंबर
आता रोजच वर. वै.नं जाहीर केलंय की दिवसातून एक गोष्ट फक्त बरं वाटावं म्हणून करायची. आज गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी. धूर फार झाला. शेजारच्या काकू खालून ओरडल्या, "काऊन हो सर, लगन हाये का घरी?"
"हो ना, आमचंच!" वै. म्हणाली.

छान गेला दिवस. आबा नाहीत म्हणून छान गेला, असं पुढे लिहिलं होतं. खोडलं. खोडलेलं वाचता येतंय.

१२ डिसेंबर
विनोदचा फोन. त्याच्या सासऱ्यांचं नागपूरला ऑपरेशन.
"दादा, शोभा तं तिकडंच राहीन. मी दिवसभर दुकानात. आबाले आताच नेशील का? मंग माह्याकडं जास्त ठेवीन."
मी श्वासही न घेता म्हणालो, "अरे, घराला कलर देणं सुरू आहे. सामान सगळं अंगणात. वासानं त्यांना खोकला होईल."
"असं का. बरं बरं, राहू दे. पाहतो मी."
लगेच विश्वास ठेवला त्यानं. तो मला खोटं बोलणारा समजत नाही.

वै. दारात उभी राहून ऐकत होती. "ब्रश तं दाखवा एखादा," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "खोटं बोलायचंच तं छोटं बोलावं ना हो. हे तं चार खोल्यांचं झालं."
हसलो दोघंही. नंतर ती शेंगा उकडायला आत गेली.

तरी जेवायला वर गेलोच. आणि शेंगा गोड लागल्या. निदान त्या कडू लागायला हव्या होत्या.

१४ डिसेंबर
आबांचाच फोन.
"ऐकलं मी! घराले कलर देऊन राह्यला म्हने! तुही आई किती येळा म्हने, माह्याच्यानं झालंच नाई. कोनता कलर?"
समोरची भिंत पोपडे आलेली. मी म्हणालो, "पिस्ता."
"मस्त! माह्या खोलीले बी तोच देजो. अन् पेंटरवर ध्यान ठेवजो, एकच हात मारून पयतेत ते."

विनोद मागून सांगत होता की दुकानात येईल त्या ड्रायव्हरला आबा सांगतात, मोठा पोरगा घर रंगवून राह्यला. इतका आनंद मी त्यांना खरं काही करून कधी दिला होता, आठवून पाहिलं. कॉलेजात लागलो तेव्हा. मधे काही असेलही.

१५ डिसेंबर
वै. म्हणाली, "सांगून टाका नाहीतर रंगवून टाका."
पेंटरला बोलावलं. सांगणं जास्त स्वस्त होतं.

१८ डिसेंबर
आबांची खोली झाली. पिस्ताच. दोन हात. चांगली दिसते. पण रंग वाळला म्हणजे मी बोललेलं खरं होतं का? आणि हा रंग त्यांच्यासाठी की माझ्या तोंडाला? पेंटरनं विचारलं, "सर, खुश नाई का?" म्हटलं, आहे.

२० डिसेंबर
विनोदनं फोनवर बोलता बोलता सांगितलं, आबांचं पोट बिघडलंय. शोभा नाही, तर दोघं रोज ढाब्यावर जेवत होते. "तू टेन्शन घेऊ नको दादा, तुह्याकडं काम चालू हाये ना."


मग आबांनी फोन घेतला. आवाज जरा बसलेला. "रविवारी येतो मी. वासाचं काई नाई. वास आला तं गच्चीवर बसीन, मले फक्त चढवून देजो. पयले उन्हाळाभर वरच झोपत होतो ना आपन सारे." मग हसत म्हणाले, "आता कोनी नेतच नाई मले वर."
तक्रार नव्हती ती. त्यांना वर यायचं आहे का, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. चढवत नाही, एवढंच धरून चाललो होतो.

२१ डिसेंबर
प्रामाणिकपणे लिहायचं तर कालपासून पहिला विचार हाच की आबा वर आले तर गच्ची आमची राहणार नाही. वै. नक्कल करणार नाही. टीव्हीऐवजी आबांचा आवाज. दुसरा विचार आला तो चांगला होता, पण दुसरा आला.

आज वर बसल्यावर वै.नं विचारलं, "विनोदभाऊजींले अन् आबाले खरं सांगाल?"
"सांगीन."
"कधी?"
मी टरफलं गोळा करू लागलो. ती म्हणाली, "पिस्ता पाहून ते खुश होतीन. मंग तं तुम्ही कधीच नाई सांगनार."
ओळखते मला.

उतरताना आज जिना आबांच्या गुडघ्यानं उतरून पाहिला. एक एक पायरी, दोन्ही पाय टेकवत. मधल्या वळणावर धरायला काहीच नाही.

उद्या : वेल्डिंगवाल्याला सकाळीच गाठून जिन्याच्या भिंतीला धरायला नळी बसवून घेणे.