एक जूनची माणसं

३१ मार्च २००८, सोमवार

आज मी गप्प बसले. मी!

सकाळी पुढच्या दोन आठवड्यांच्या कामाची आखणी होती — स्प्रिंट प्लॅनिंग. प्रत्येकाच्या हातात आकड्यांचे पत्ते. काम जितकं अवघड वाटतं त्या आकड्याचा पत्ता पालथा ठेवायचा, मग सगळ्यांनी एकदम उलटायचा. कुणाचं दडपण कुणावर येऊ नये म्हणून. ही पद्धत ज्या पुस्तकात आहे ते ऑफिसात मी एकटीने शेवटपर्यंत वाचलंय. बाकीचे यतीन सरांच्या भुवया वाचतात आणि पत्ता निवडतात.

काम रुग्णालयाच्या नोंदणीचं. एकाच पेशंटच्या दोन-दोन नोंदी होतात. म्हणून नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की प्रोग्रामने आपोआप त्या एक करायच्या. सगळ्यांचे तीन. माझा तेरा.

"तेरा? मोहेंजोदडो खणायचंय का संघप्रिया?" यतीन सर. खोली हसली.

"सर, जन्मतारखेवर भरवसा नको, कारण आपल्याकडे —"

"भाषण नको यार. पत्ता बोलेल. चलो, फिरसे."

दुसऱ्या फेरीत मी तीन ठेवला.

१ एप्रिल

काय बोलायचं होतं ते इथे तरी लिहिते. आमचा अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मलाय! जन्मतारीख कुणाला माहीत? शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, आजी सांगायची — "त्या वर्षी ज्वारी लई पिकली होती." गुरुजी लिहायचे, एक जून. आईची तारीख एक जून एकोणीसशे पन्नास. बाबांचीही एक जून. रुग्णालयाच्या काउंटरवर तरी दुसरं काय करतात? "आजी, वय? साठीच्या आत? बरं." एक जून, पन्नास.

आणि आईचं भीमाबाई सोनकांबळे हे नाव तरी एकट्या आमच्याच घरात आहे का?

या महिनाअखेर ठरणार — मला कायम करायचं की घरी पाठवायचं. मागच्या कंपनीतून तोंड उघडलं म्हणून बाहेर पडले. धाकट्या भावाचं, लोकेशचं शिक्षण अजून चालू आहे.

४ एप्रिल

टेस्टिंग रुचिताकडे आहे. गोड मुलगी, बेव्हर्ली पार्कच्या उंची सोसायटीत वाढलेली. तिला म्हटलं, "सगळ्यांच्या तारखा एक जून घालून बघ ना."

"आणि नावंपण सेम? अगं, एवढा योगायोग पिक्चरमध्ये असतो!"

तिच्या घरी प्रत्येकाचा केक वेगळ्या महिन्यात कापतात. तिचं काय चुकलं?

मग मीच घालून पाहिलं. दोन शेवंती, आडनाव आणि तारीख तीच — एक लातूरची, एक रत्नागिरीची. बटण दाबलं. एकच शेवंती उरली! आणि रत्नागिरीच्या शेवंतीला लातूरच्या शेवंतीचा मधुमेह झाला. औषधांसकट!

पुन्हा पहिल्यापासून घालून पाहिलं, पुन्हा तेच.

७ एप्रिल

रोज सकाळी सगळ्यांना उभं करून विचारतात — काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. आज माझी पाळी आली.

"अडचण?"

"नाही सर."

९ एप्रिल

आज सरांना केबिनमध्ये गाठलं. शेवंतीचं सगळं सांगितलं. माझा आवाज इतका बारीक होतो हे मलाच माहीत नव्हतं.

त्यांनी शांतपणे ऐकलं, तेच जास्त लागलं. "पॉइंट चांगला आहे. पण रिलीजची तारीख ट्रस्टींना देऊन झालीये. पुढच्या स्प्रिंटला घेऊ. बोर्डवर चिठ्ठी लाव."

लावली. 'नंतर' या रकान्यात. तिथल्या जुन्या चिठ्ठ्यांचा डिंक सुटलाय.

११ एप्रिल

रिलीज झालं, प्रोग्राम रुग्णालयात सुरू. पेढे वाटले. टाळ्या! माझा पेढा अजून पर्समध्ये आहे.

१४ एप्रिल

विहारात माझं भाषण. भाईंदर पश्चिमेची सगळी माणसं आली होती. माईक हातात आला आणि भीती कुठल्या कुठे! म्हणाले — जुलूम करणाऱ्याला हात दोनच असतात, बाकीचे हजार हात त्याला गप्प बसणारे उसने देतात! लोक उठून उभे राहिले. आई पुढच्या रांगेत, पांढरी साडी, निळा काठ, डोळे भरलेले.

घरी येताना तिने माझा हात धरला. "तुला कुणाचंच भ्या कसं वाटत नाही गं, बाई?"

"गर्दी आहे, नीट चाल," म्हणाले.

१५ एप्रिल

उद्या 'नंतर'मधली चिठ्ठी काढून 'आता'मध्ये लावणार. सगळ्यांसमोर. काढायचं तर काढू दे कामावरून!

१६ एप्रिल

रिक्षात लिहितेय. रुग्णालयाकडे निघालेय, सिल्व्हर पार्कच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेय. लोकेशचा फोन लागत नाही, हाताला काहीतरी हवं.

सकाळी आईला चक्कर आली, तो तिला रुग्णालयात घेऊन गेला. मी ऑफिसात चिठ्ठीला हात घातला आणि त्याचा फोन. हसत होता. "ताई, तुमचं सॉफ्टवेअर भारीच आहे! नुसतं नाव आणि तारीख सांगितली तर आईची सगळी माहिती आली. रोजचं इन्सुलिन चुकलंय म्हणून चक्कर आली म्हणे, आता देतायत. मला कळेना, पण आई म्हणाली, 'असंल बाबा, त्यांनी लिवलंय म्हणजे —'" आणि लाइन तुटली.

आईला साखर नाही. त्या रुग्णालयात ती आज पहिल्यांदाच गेलीये.