न बसणारी चार दारं

९ जानेवारी
आज कारखाना उघडला. कारखाना म्हणजे स्वयंपाकघरामागची पत्र्याची खोली, पण हे तिला कारखानाच म्हणायचे. हे गेल्याला दोन महिने होतील. भुशाचा वास नाकात गेला आणि रडूच कोसळलं. मग स्वतःला दटावलं – रडायचं तर बाहेर जाऊन रड!

कपाटाची चार दारं भिंतीला टेकवलेली. दोन पुरी झालेली, दोहोंच्या नुसत्या चौकटी. सागवान! सुताराची बायको मी, आणि तीस वर्षं माझ्या कपाटाला पडदा. विचारलं होतं तेव्हा म्हणाले, "तुझ्याच कपाटाची आहेत. नाक खुपसू नकोस."

आता खुपसणार.

११ जानेवारी
भाऊजी आले. "वहिनी, विकून टाका. तुम्हाला झेपायचं नाही." तीस वर्षं घासकागद कोणी मारला? पॉलिश कोणी केलं? तोंडावर मात्र एवढंच म्हटलं, "झेपेल." सख्खे दीर आहेत, शेवटी.

१२ जानेवारी
एका चौकटीत फळी बसवली. अंगठा ठेचला.

१५ जानेवारी
चौथं दार क्लॅम्पमध्ये आवळून ठेवलंय. सरस वाळेपर्यंत हाताला काम नाही, मग लेक आठवतो.

चार वर्षं झाली. तयार फर्निचरच्या कंपनीत लागला आणि जाताना बापाला म्हणाला, "तुमचं काम आता कोणाला हवंय?" ह्यांनी हातातला रंधा आपटला. मला म्हणाले, "त्याचं नाव काढायचं नाही. त्याच्याकडे गेलीस तर मी मेलो समज." ती शपथ पाळली मी. बसने अर्ध्या तासावर राहतो! हे गेले तेव्हा आला, दारात उभा राहिला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. आईवर कसला रे राग? मी काय केलं?

काहीच केलं नाही. तेच तर. आता जाऊ तरी कुठल्या तोंडानं?

१९ जानेवारी
दारं लावायला भाऊजी आले. बसेनात! उंचीला चार बोटं जास्त, चारही मिळून रुंदीला वीतभर कमी. भाऊजी म्हणाले, "दादा शेवटी शेवटी चुकत होता. खालून कापू." अंगाची लाही झाली. हे आणि चुकणार? सुताचा फरक पडला तरी जेवण जायचं नाही ह्यांना.

"करवतीला हात लावू नका," म्हटलं.

२० जानेवारी
एका दाराच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलेलं सापडलं – 'भिंत डावीकडे अडीच सूत कलली आहे'. ओळंबा सोडून पाहिला. आमची भिंत सरळ आहे.

म्हणजे चूक नाही. दुसऱ्याच घराचं माप आहे. गिऱ्हाईक असतं तर वहीत नोंद असती, आणि वहीत काही नाही. साठी उलटलेला माणूस कोणाच्या झोपायच्या खोलीत ओळंबा सोडत होता? माझ्याशी खोटं का बोलले?

२२ जानेवारी
भाऊजींना फैलावर घेतलं. आधी उडवाउडवी, मग मान खाली. "दादानं बोलू नको म्हणून बजावलं होतं, वहिनी. पोराच्या घरचं कपाट आहे. दोन वर्षं दर रविवारी जायचा तिकडे."

रविवारी! लाकूड बघायला जातो म्हणायचे. डबा मी भरून द्यायची. दोघांना पुरेल एवढा न्यायचे, आणि मी आपली खूश, की भूक चांगली आहे!

मला शपथेत बांधून ठेवलं आणि स्वतः पोराला भेटत राहिले. भिंतीवरचा ह्यांचा फोटो पालथा घातला. असा राग ते असताना कधी आला नव्हता.

२३ जानेवारी
टेम्पो सांगितला. उद्या दारं जाणार. मीही.

२४ जानेवारी
दारं त्याच्या जिन्याखाली उभी आहेत. लावायचं कोणाला सुचलंच नाही. मला बघून तो दोन पावलं मागे सरला. "येऊ का आत?" म्हटलं, तर ओक्साबोक्शी रडायला लागला.

"बाबा म्हणायचे, आईला तुझं तोंड बघायचं नाही. मी दर रविवारी विचारायचो, आई."